इंजिन नंबरच्या शेवटी टिंब

आमच्या घरात जीप आली ती जीप हवी होती म्हणून नव्हे. पार्किंग रिकामं होतं म्हणून आली. लालबागची आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला तेव्हा आमच्या वाट्याला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट आला आणि खाली पिवळ्या पट्ट्यांनी आखलेला एक चौकोन. फ्लॅटची नवलाई महिनाभरात ओसरली, चौकोनाची काही ओसरेना. माझा नवरा ऑफिसातून आला की आधी चौकोन बघायचा आणि मग लिफ्टकडे वळायचा. एकदा समोरच्या फ्लॅटवाल्याने त्यात आपली स्कूटर लावली, तर हा माणूस जेवायला बसेना. मी म्हटलं, अरे, आपल्याकडे साधी सायकल नाही, लावू दे की त्याला. त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी सातबाराच त्या स्कूटरवाल्याच्या नावावर करून दिला होता.

नेमकं त्याच सुमारास माझ्या धाकट्या भावाचं दुखणं उलटं होतं. त्याच्याकडे गाडी होती आणि जागा नव्हती. नायगावची चाळ, म्हणजे माझं माहेर, पुनर्विकासात पाडायला काढली होती आणि तो आईला घेऊन वडाळ्याला भाड्याच्या खोलीत राहायला गेला होता. तिथल्या गल्लीत जीप शिरली की माणसांनी बाहेर पडायचं थांबवायचं, अशी परिस्थिती. भाऊ बस डेपोत मेकॅनिक आहे. ही जीप त्याने पूर्वी एका कंत्राटदाराकडून रीतसर कागद करून घेतली होती आणि मग स्वतःच्या तरुणपणाचे बहुतेक रविवार रे रोडच्या एका गॅरेजात तिच्याखाली आडवं पडून घालवले होते. मूळची ती गरीब गाय. त्याने तिला रुंद टायर बसवले, पुढे पाइपाचा बंपर लावला, टपावर दिव्यांची रांग चढवली, खोल पाण्यातून जायला म्हणून नाकासारखी एक नळी वर काढली. हॉर्न असा, की परळच्या सिग्नलला एकदा वाजला तर पुढचा टॅक्सीवाला खाली उतरून हात जोडून बाजूला झाला.

ही जीप नवऱ्याने घेतली. कागद त्याच्या नावावर झाले, स्कूटर हटली, चौकोन भरला. मला तिच्यात चढायला पाट लागायचा. तो पाट कायम गाडीत असे आणि भाजी घेऊन परतताना मी कुठेही उतरले की आधी पाट खाली यायचा, मग मी. लोक बघत. बघू देत, असं मी म्हणायचे, पण बरं वाटत नसे हे खरं. खरी गट्टी जमली ती माझ्या सासऱ्यांची. सकाळी चहा झाला की बाबा पेपर घेऊन खाली जायचे आणि उभ्या जीपच्या पुढच्या सीटवर बसून तो अथपासून इतिपर्यंत वाचायचे. गाडी कुठे जात नसे, तरी पट्टा लावून बसायचे.

बाबांबद्दल आधी सांगायला हवं. बाबा गिरणीत फिटर होते. गिरणी बंद होऊन जमाना लोटला, पण बाबांच्या लेखी ती चालूच आहे, फक्त तिची जागा बदलून आमच्या घरात आली आहे. त्यांच्याकडे लाकडी खोक्यात आकड्यांचे पंच आहेत. पंच म्हणजे पोलादी ठसा. तो लोखंडावर धरायचा, वर हातोडीचा एकच नेमका ठोका घालायचा, की आकडा कायमचा उमटतो. गिरणीत मशीनच्या सुट्या भागांवर ते असे नंबर टाकत. घरी सुटे भाग नसल्यामुळे त्यांनी तवा, परात, अडकित्ता, कुलपाच्या किल्ल्या, छत्रीची दांडी असं जे सापडेल त्यावर नंबर टाकले. कुकरवर आणि त्याच्या झाकणावर एकच नंबर, म्हणजे सत्यनारायणाला शेजारी दिलेला कुकर परत येताना झाकण बदलून यायला नको. आणि प्रत्येक नंबराच्या शेवटी एक टिंब. टिंब म्हणजे फिटरने स्वतः तपासून पास केलं. मी लग्न होऊन आले तेव्हा माहेरून आणलेल्या पातेल्यांवर पहिल्याच आठवड्यात नंबर पडले. सुनेची पातेली पास झाली, असं मला शेजारच्या काकूंनी आनंदाने येऊन सांगितलं. मी मनात म्हटलं, आता माझ्या कपाळावर कधी टाकतात कोण जाणे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. गिरणगावात त्या दिवशी हत्यारं आणि मशीन पुजायची पद्धत आहे आणि आमच्याकडे ती बाबा इतकी वर्षं पक्कड, पाना आणि माझा मिक्सर मांडून भागवत आले होते. त्या वर्षी प्रथमच घरात एक अख्खं इंजिन होतं. बाबांना आकाश ठेंगणं झालं. सकाळपासून ते बॉनेट उघडून आत वाकलेले होते. जुना टूथब्रश गेला, रॉकेल गेलं, पॉलिश पेपर गेला, माझा एक बरा टॉवेल गेला. दुपारी पूजेला आम्ही खाली गेलो तेव्हा ते इंजिन माझ्या ओट्यापेक्षा स्वच्छ होतं आणि हे बाबांनी मला सर्वांदेखत बोलूनही दाखवलं. मी झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. मला राग आला होता आणि इंजिनाचा कोणता भाग किती चमकतोय याकडे माझं अजिबात लक्ष नव्हतं.

पुढे थंडीच्या दिवसांत जीपचं पासिंग आलं. गाडीला पंधरा वर्षं झाली की ती आरटीओत नेऊन दाखवावी लागते, तिथले साहेब तपासतात आणि मग पुढची नोंदणी होते. नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं, कारण त्या जीपवर कायद्यात बसेल असं एकच होतं, तिचा रंग. भाऊ धावून आला. मग त्या दोघांनी आठवडाभर खपून जीपचं संन्यासिणीत रूपांतर केलं. रुंद टायर काढून रे रोडवरून कुणाचे तरी किडकिडीत टायर आणून लावले. दिव्यांची रांग माझ्या कपाटावर गेली. नळी पलंगाखाली. पाइपाचा बंपर गॅलरीत उभा केला आणि माझ्या लक्षात आलं की त्यावर चादरी फार छान वाळतात. तो हॉर्न मी माझ्या जुन्या साडीत गुंडाळून ठेवला. वाटेत चुकून वाजला तर सगळं मुसळ केरात जाईल, असं भाऊ म्हणाला. साडीतला हॉर्न वाजणार कसा, हे मी विचारलं नाही, इतके आम्ही सगळे घाबरलेलो होतो.

आरटीओला आम्ही तिघं गेलो. मला नेण्याचं कारण म्हणजे बाई बरोबर असली की साहेब नरम असतात, असं नवऱ्याला कोणीतरी सांगितलं होतं. साहेब नरमही नव्हते आणि गरमही नव्हते. त्यांनी टायरकडे पाहिलंच नाही. टपावर दिवे काढल्याच्या खुणा होत्या, तिकडेही नाही. आठवडाभर आम्ही जे जे लपवलं त्यातल्या एकाही जागेकडे त्या माणसाने मान वळवली नाही, आणि खरं सांगते, मला थोडा अपमानच वाटला. त्यांनी सरळ बॉनेट उघडलं, इंजिनावरच्या नंबरावर कागदाची पट्टी धरली आणि तिच्यावर पेन्सिल आडवी घासली. नंबर कागदावर पांढरा उमटला. साहेब पट्टीकडे बघत राहिले. मग वाकले, इंजिनावरून अंगठा फिरवला, पुन्हा पट्टी बघितली.

"हे टिंब कसलं?" त्यांनी विचारलं.

आम्ही तिघंही वाकलो. नंबर स्पष्ट होता, सरळ ओळीत होता, आणि शेवटी टिंब होतं. साहेबांनी शांतपणे समजावून सांगितलं. कंपनीचा नंबर असा नसतो. त्याच्या आकड्यांची घडण वेगळी. इथे जुना नंबर घासून काढलाय आणि वर हाताने नवा ठोकलाय. याला इंजिन नंबरशी छेडछाड म्हणतात. चोरीच्या इंजिनाला असं करतात. हे आता पोलिसांकडे जाईल.

रोज ज्या कुकरात मी भात लावते त्यावर ते टिंब आहे. पातेल्यांवर आहे. तव्यावर आहे. मला ते त्या क्षणी आठवलं नाही. नवऱ्यालाही नाही, तो तर त्या टिंबांच्या राज्यातच जन्मला. आम्हाला दोघांना फक्त 'चोरी' ऐकू आलं. नवऱ्याने वळून माझ्या भावाकडे बघितलं. भावाने पेन्सिलची पट्टी हातात घेतली होती. त्याने ती नीट पाहिली, मग माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पट्टी परत देऊन तो गप्प बसला. सकाळी डोळे उघडल्यापासून ज्याचं तोंड चालू असतं तो माझा भाऊ घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

नवऱ्याला तेवढं पुरे झालं. त्याचं म्हणणं, निर्दोष माणूस असा गप्प बसेल का? माझं म्हणणं, तू कधी बोलू देतोस कुणाला? मग आमचं जे जुंपलं ते काही दिवस चाललं. माझ्या माहेरच्यांनी चोरीचं इंजिन त्याच्या गळ्यात मारलं, असं तो म्हणाला. माझ्या भावाने आयुष्यात दुसऱ्याचा स्क्रू खिशात घातला नाही, असं मी म्हणाले, आणि त्याच्या रविवारांचा, काळ्या नखांचा, त्याने स्वतः उपाशी राहून घेतलेल्या टायरांचा असा काही गौरव केला की टायर पलंगाशेजारी उभे होते ते संकोचले असतील. पण आतून मी हादरले होते. गुन्हा दाखल झाला तर डेपोतून भावाला घरी बसवतील हे स्पष्ट होतं. आणि त्यानंतर माझ्या सासरी माझ्या माहेराचं नाव कसं निघेल, हेही मला चांगलं कळत होतं.

या सगळ्यात बाबांना काही सांगायचं नाही, हे मात्र आम्ही दोघांनी एकमताने ठरवलं. भांडताना आम्ही ज्या एका गोष्टीवर कायम एक असतो ती म्हणजे बाबांचं ब्लडप्रेशर. त्यांना टेन्शन नको. जीप कुठे गेली असं त्यांनी विचारलं तेव्हा कागदाचं काम आहे, असं सांगितलं. जीप तेव्हा पोलीस ठाण्याच्या आवारात उभी होती. बाबांनी खुर्ची खाली नेली आणि रिकाम्या चौकोनाच्या बरोबर मध्ये मांडून तिथे पेपर वाचायला लागले. मी भांडण थांबवून गॅलरीतून त्यांच्याकडे बघायचे आणि मला भरून यायचं. सगळ्या मुंबईत ज्या एका माणसाला विचारायला हवं होतं तो रोज सकाळी आमच्या डोळ्यांसमोर बसलेला असायचा आणि आम्ही त्याला जपत होतो.

ठाण्यात बोलावलं त्या दिवशी आम्ही दोघं गेलो, भाऊ डेपोतून परस्पर आला. तपास एका मॅडमकडे होता. चाळिशीच्या, कामाने दमलेल्या, पण बोलायला सरळ. त्यांनी नवऱ्याला विचारलं, गाडी कुणाकडून घेतली, कधी घेतली, नंबर तपासला होता का. मग भावाकडे वळल्या. आधी पत्ता विचारला. भावाने नायगावचा सांगितला, मग म्हणाला ती चाळ पाडली, मग वडाळ्याचा सांगितला, मग म्हणाला तिथला भाडेकरार संपत आलाय. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही नक्की राहता कुठे?" त्या म्हणाल्या. भाऊ म्हणाला, सध्या असंच आहे. त्यानंतर त्यांनी मुद्द्याचं विचारलं, की हा नंबर कुणी ठोकला.

"मी ठोकला," भाऊ म्हणाला.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलंही नाही, आणि त्याचं ते न बघणं मला सगळ्यात जास्त लागलं. भाऊ खाली मान घालून सांगत होता की नंबर गंजून पुसट झाला होता, गाडी विकताना बरा दिसावा म्हणून त्याने घासून पुन्हा टाकला, इंजिन तेच आहे, चोरीचं नाही, आणि भावोजींना यातलं काही ठाऊक नव्हतं. मला त्याचा गळा धरावासा वाटला. इतके दिवस मी ज्याच्यासाठी घर डोक्यावर घेतलं होतं तो माणूस असा, भाजीचा भाव सांगावा तसा, कबूल करत होता.

तेवढ्यात दारात बाबा उभे राहिले. छत्री, टोपी, इस्त्रीचा शर्ट. खालच्या मजल्यावरच्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की तुमची जीप पोलिसांच्या आवारात धूळ खात उभी आहे. ते तडक आले होते आणि आधी जीपला फेरी मारून, तिच्यावरची धूळ बघून, चिडून वर आले होते. नवरा उठून त्यांना म्हणाला, बाबा, तुम्ही बाहेर बसा, इंजिन नंबरचा थोडा घोळ आहे. त्यांनी विचारलं, कसला घोळ? मॅडमनीच सांगून टाकलं, की नंबर घासून पुन्हा ठोकलाय आणि या मुलाने ते आत्ताच कबूल केलंय.

बाबांनी माझ्या भावाकडे असं पाहिलं, जणू त्याने त्यांच्या खिशात हात घातलाय.

"ह्येना?" बाबा म्हणाले. "ह्येका सरळ खिळो तरी मारूक येता काय? तां काम माझा आसा."

मॅडम म्हणाल्या, आजोबा, तुम्ही शांत बसा. बाबा बसले नाहीत. त्यांनी सांगायला घेतलं. खंडेनवमीला मशीन पुजतात, पुजण्याआधी साफ करतात. साफ करताना दिसलं की नंबर गंजलाय, नीट वाचता येत नाही. गिरणीत अशा मशीनला पूजेला उभं केलं असतं तर खात्यावरच्या मास्तरांनी घरी पाठवलं असतं. म्हणून गंज घासला, जुने आकडे ओळखू येत होते तोवर कागदावर उतरवून घेतले, मग पॉलिश पेपर मारला आणि एकेक आकडा जागच्या जागी पुन्हा घातला. शेवटी टिंब दिलं, कारण काम तपासलं होतं. आणि आता हा पोरगा ते आपलं म्हणून सांगतो. आवाज चढत गेला. ब्लडप्रेशरचं मला काय ते वाटायचं होतं ते वाटत होतं.

मॅडमनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग त्या म्हणाल्या, "चोरीच्या केसमध्ये एक जण कबूल करायला महिना जातो. इथे दोघं भांडतायत."

भाऊ तरीही अडून बसला. म्हणाला, बाबांचं वय झालंय, त्यांना आठवत नाहीये, नंबर मीच टाकलाय. यावर बाबांचा पारा जो चढला तो मी गिरणीच्या संपाच्या गोष्टींतही ऐकला नव्हता. वय झालंय? त्यांनी मॅडमना सांगितलं की पंच मागवा, लोखंड मागवा, आत्ता इथे दोघांनाही ठोकायला लावा. मॅडमच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा उत्सुकता दिसली. नवऱ्याला घरी पिटाळलं, तो खोकं घेऊन आला. आवारात जप्तीच्या गाड्यांच्या ढिगात एक पत्र्याचा मडगार्ड पडला होता. तो चालेल का, असं एका हवालदाराने विचारलं, तेव्हा तो पुराव्यातला आहे हे मॅडमच्या लक्षात आलं आणि शेवटी ठाण्याच्या चहाच्या स्टोव्हखालची जाड लोखंडी पट्टी काढून आणली.

भावाने आधी ठोकलं. मेकॅनिक माणूस, हात वाईट नाही त्याचा, पण आकडे नाचले. एक वर, एक खाली, सात तर पाय घसरून पडल्यासारखा. बाबांनी चष्मा पुसला. पंच धरला, ठोका घातला, पुढचा धरला. आजूबाजूला चार हवालदार, एक पाकीट हरवल्याची तक्रार द्यायला आलेला गृहस्थ आणि मी. शेवटच्या आकड्यानंतर बाबांनी बारीक टोकाचा पंच उचलून टिंब दिलं आणि हातोडी खाली ठेवली. त्या गृहस्थाच्या तोंडून 'वा' निघालं.

मॅडमनी पेन्सिलची पट्टी शेजारी धरून बघितली. मग त्यांनी बाबांना विचारलं, "आजोबा, नंबर तोच ठेवायचा होता तर खोडला कशाला?"

"खोडूक नाय," बाबा म्हणाले. "दुरुस्त केलंय."

याला कोणतं कलम लावायचं हा प्रश्न मॅडमना पडलेला स्पष्ट दिसत होता. नंबर बदलणाऱ्यासाठी कायदा आहे. जो आहे तोच नंबर खोडून तोच नंबर घालणाऱ्या माणसाची कायद्याने कल्पना केलेली नाही. त्या म्हणाल्या, प्रयोगशाळेतून तपासून घेऊ, खाली जुना नंबर काय आहे ते दिसेल, तोवर गाडी इथेच. कुणावर काही दाखल करत नाही, पण बोलावलं की यायचं. बाबांना त्यांनी चहा दिला. बाबांनी तो पीत पीत हवालदारांना पंच कसा धरतात ते दाखवलं.

मी भावाला हाताला धरून आवारात नेलं. किडकिडीत टायरांवर उभ्या जीपच्या मागे, जिथे कोणाला दिसणार नाही तिथे. मला आता सगळं कळलं होतं. पट्टीवरचं टिंब त्याने आरटीओतच ओळखलं होतं, आमच्या घरी जेवताना ताटाच्या काठावर त्याने ते शंभरदा पाहिलेलं. म्हणून तो गप्प होता. मी त्याला विचारलं, तुला अक्कल आहे का, नोकरी गेली असती, आईचं काय झालं असतं, एवढं खोटं बोलायला कुणी सांगितलं होतं? मी ओरडतच होते. तो जीपच्या बॉनेटवरची धूळ तळहाताने पुसत राहिला.

"ताई," तो म्हणाला, "नोकरी गेली असती तर दुसरी बघितली असती. पण तुझ्या सासऱ्याला मी पोलिसात ओढलं असतं तर त्या घरात तुझं काय झालं असतं? भांडून निघालीस तर येशील कुठे? आपली खोली नाहीये आता."

मला रडू फुटलं. मी भांडकुदळ बाई आहे, रडत नाही सहसा, पण तिथे चक्क हुंदके देऊन रडले. लग्नाला इतकी वर्षं झाली. नवऱ्याशी कितीही वाजलं तरी मी कधी बॅग भरून निघाले नाही, तसा विचारही केला नाही, आणि हा मुलगा मात्र चाळ पाडल्यापासून तो विचार डोक्यात घेऊन फिरत होता. मी त्याला म्हटलं की मी आत्ता वर जाऊन सगळ्यांना सांगते. त्याने माझा हात घट्ट धरला. बाबांना कळलं की एक माणूस आपल्यासाठी नोकरीवर पाणी सोडायला निघाला होता, तर त्यांना ते सोसणार नाही, असं तो म्हणाला. तुला माझी शपथ आहे. मी शपथा मानत नाही, असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, तरी पाळ.

पुढचं थोडक्यात. प्रयोगशाळेची माणसं आली, त्यांनी नंबरावर कसलंसं आम्ल लावलं, आणि बाबांच्या आकड्यांखाली कंपनीचे जुने आकडे धूसर उमटले. तेच. एकही इकडचा तिकडे नाही. मॅडमनी बाबांना पुन्हा कशावरही ठोकायचं नाही अशी समज दिली आणि आम्हाला जीप सोडून दिली. आरटीओने परवानगी देऊन नवा नंबर ठोकून दिला. तो बघून बाबा म्हणाले की दुसरा आकडा जरा डावीकडे कललाय आणि टिंब तर दिलेलंच नाही. रुंद टायर पुन्हा बसले, दिवे कपाटावरून उतरले. बंपर मात्र मी गॅलरीतून हलू दिला नाही, चादरी कुठे वाळत घालू?

नवऱ्याने भावाची माफी मागितली नाही, पण त्याला रविवारी जीप घेऊन जा म्हणाला, ही त्याची माफी. बाबांना मात्र ती गोष्ट विसरता येत नाही. माझ्या भावाने त्यांच्या हातचं काम आपलं म्हणून पोलिसांना सांगितलं, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं आहे. असं का सांगितलं असेल, याचा विचार त्यांनी केलेला नाही, कारण त्यांच्या मते कारण उघड आहे. काम चांगलं होतं. कुणालाही ते आपलं असावं असं वाटलं असतं.

भाऊबीजेला भाऊ आला. त्याचा भाडेकरार संपून तो आता आणखी लांब गेलाय, सायंकाळी उशिराने पोचला. मी आरतीचं तबक हातात घेतलं. सोफ्यावरून बाबा म्हणाले, "इलो काय, दुसऱ्याच्या कामावर आपला नाव लावणारो?" नवरा हसला. आमची मुलंही हसली, घरात हा आता ठरलेला विनोद आहे.

"चुकलं, बाबा," भाऊ म्हणाला आणि त्यांच्या पाया पडला.

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. तो माझ्यासमोर येऊन बसला, वर माझ्याकडे बघितलं आणि कोणाला कळणार नाही इतकीच मान हलवली. जिने आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नाही ती मी, एक शब्द न बोलता त्याला ओवाळत राहिले.